बारवांच्या पुस्तिकेतले फोटो गेले, नुसत्या चौकटी उरल्या (मदत हवी)

सेलूचे_गुरुजी · सोमवार, रात्री

सर्वांना नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी करून निवृत्त झालो, सेलूला राहतो. अडीच वर्षांपासून आमच्या भागातल्या बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवर, एक पुस्तिका लिहायलोय. वालूरची चक्राकार बारव आमच्याच तालुक्यातली. तिच्या पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात, ती पाहायला लांबून लोक येतात. पण दोन कोसांवरच्या गावात अर्धी बुजलेली बारव असते अन् त्या गावच्या लेकरांनाही ती ठाऊक नसते. म्हणून गावोगाव फिरलो, फोटो काढले, मापं घेतली, म्हाताऱ्या माणसांकडून ऐकून घेतलं. मजकूर ऐंशीएक पानं झाला, फोटो १६४. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनानंतर शाळेत प्रकाशन करायचं ठरलंय.

आता अडचण. पुस्तिका मी लिब्रेऑफिस रायटरमध्ये लिहिली, ते वर्डसारखंच पण फुकट मिळतं. परभणीच्या छापखान्यात वर्ड चालतं म्हणून डॉक्सएक्स (वर्डची फाइल) करून पेनड्राइव्हवर नेली. तिथं उघडली तर फोटोंच्या जागी चौकटी, आत लाल फुली अन् दोन ओळी इंग्रजी. मान खाली घालून घरी आलो. माझ्या कॉम्प्युटरवर मूळ फाइल उघडली तर इथंही चौकटी! आठ दिवसांपूर्वी फोटो दिसत होते, मी स्वतः पानं चाळलेली आहेत. मजकूर जशाला तसा आहे. ४१ फोटो दिसतात, १२३ दिसत नाहीत. आता हात लावायलाही भीती वाटायली.

जिंतूर_रोड · सोमवार, रात्री

गुरुजी, आधी फाइलची कॉपी करून दुसऱ्या जागी ठेवा. जे काय करायचं ते कॉपीवर. मूळ फाइल उघडली तर बंद करताना "सेव्ह करू का" विचारल्यावर नको म्हणा.

गोदाकाठ · सोमवार, रात्री

फाइल करप्ट झालेली दिसते. माझ्या भावाची एक एक्सेल फाइल अशीच गेली होती. फाइल दुरुस्त करायचे सॉफ्टवेअर नेटवर विकत मिळतात, एखादं घेऊन बघा.

मांजराकाठ · सोमवार, रात्री

गुरुजी, विकतचं काही घेऊ नका, अन् कुठल्याही अनोळखी वेबसाइटवर फाइल चढवू नका. गोदाकाठ भाऊ, राग मानू नका, पण ही करप्ट फाइलची लक्षणं नाहीत. करप्ट फाइल उघडतानाच अडते, "रिपेअर करू का" विचारते, मजकुराचा चुराडा दाखवते. इथं मजकूर शाबूत आहे अन् ४१ फोटो ठणठणीत आहेत. काही फोटो दिसतात अन् काही नाही, यातच उत्तर आहे.

मी लातूरला कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला आहे, पोरांचे प्रबंध घेऊन हाच प्रकार वर्षातून चार-पाच वेळा समोर येतो. मला तीन गोष्टी सांगा. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये साइज किती दाखवते? फोटो टाकताना इन्सर्ट, इमेज अशा मार्गानं टाकले की दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केले? अन् या आठ दिवसांत कॉम्प्युटरवर काही साफसफाई, हलवाहलव झाली का?

उदगीरची_बाई · मंगळवार, सकाळी

माझ्या प्रश्नपत्रिकेत एकदा चित्र नुसतं पट्टीएवढं दिसायचं, वरचा भाग गायब. ते ओळींमधल्या अंतरामुळं होतं. पॅराग्राफमध्ये लाइन स्पेसिंग "एक्झॅक्टली" असलं की ओळीची उंची ठरून जाते, अन् त्या ओळीत बसवलेलं चित्र तेवढंच दिसतं, बाकीचं कापलं जातं. गुरुजींचं असं आहे का?

मांजराकाठ · मंगळवार, सकाळी

बाई, तुमचं बरोबर आहे, पण त्यात चौकट अन् लाल फुली येत नाही. तरी लक्षात ठेवू, पुढं लागू शकतं.

सेलूचे_गुरुजी · मंगळवार, दुपारी

साइज १२ एमबी दाखवते.

फोटो दोन प्रकारे टाकलेत. सुरुवातीला लोकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो टाकले, ते नुसते इन्सर्ट करून. पुढं माझ्या कॅमेऱ्याचे फोटो टाकायला लागलो तसा कॉम्प्युटर अडकायला लागला. चार जीबी रॅमचा जुना आहे. तेव्हा एका ओळखीच्या मुलानं सांगितलं, इमेज निवडताना खाली "लिंक" नावाचा चौकोन आहे त्यावर टिक करत जा, फाइल हलकी राहते. मी तसं करत गेलो. दर वेळी इंग्रजीत एक खिडकी यायची, त्यात "कीप लिंक" अन् "एम्बेड ग्राफिक" अशी दोन बटणं. मी कीप लिंक दाबायचो. नंतर त्याच खिडकीत "पुन्हा विचारू नको" सारखं काहीतरी होतं तेही करून टाकलं.

साफसफाई झाली, हो. मागच्या आठवड्यात भाचा आला होता. डी ड्राइव्ह भरला होता म्हणून फोटोंचं फोल्डर त्यानं त्याच्या बाहेरच्या डिस्कवर टाकून इथलं काढलं. मला विचारूनच केलं, मीच हो म्हणलं. चौकटींच्या आत बारीक अक्षरात पत्त्यासारखं काहीतरी दिसतं, "डी" पासून सुरू होणारं.

मांजराकाठ · मंगळवार, दुपारी

गुरुजी, मग फोटो गेलेले नाहीत. ते तुमच्या फाइलीत कधी नव्हतेच.

असं समजा. सातबाऱ्यावर गट नंबर असतो, शेत नसतं. लिंक करून फोटो टाकला की फाइलीत फोटोचा फक्त पत्ता लिहिला जातो: डी ड्राइव्ह, अमुक फोल्डर, अमुक नाव. तुम्ही फाइल उघडता तेव्हा रायटर त्या पत्त्यावर जातो, फोटो उचलून आणतो अन् पानावर दाखवतो. पडद्यावर पाहून फोटो आत आहे की बाहेर, हे कळतच नाही. छापखान्याच्या कॉम्प्युटरवर तुमचा डी ड्राइव्ह नाही, म्हणून तिथं लाल फुली. भाच्यानं फोल्डर हलवलं, म्हणून घरी पण चौकटी. दोन्हीचं कारण एकच.

ती इंग्रजी खिडकी हेच सांगत होती: फोटो दस्तऐवजात साठवला जाणार नाही, नुसता दुवा राहील, मूळ फोटो हलवला किंवा नाव बदललं तर धोका आहे, त्यापेक्षा आत घालू का? हे मराठीत समोर आलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी थांबला असता.

वजनाचा हिशोब पण जुळतो. व्हॉट्सॲपचे ४१ फोटो, प्रत्येकी साधारण तीनशे केबी, म्हणजे बारा एमबी. तुमच्या कॅमेऱ्याचा एक फोटो चार एमबीच्या आसपास असेल तर १२३ फोटो पाचशे एमबीला टेकले पाहिजेत. ते १२ एमबीच्या फाइलीत असूच शकत नाहीत.

आता भाच्याला फोन करा अन् विचारा, ते फोल्डर अजून त्याच्याकडं आहे का. बाकीचं नंतर.

छपाईवाला_परभणी · मंगळवार, सायंकाळी

मी या धंद्यात आहे म्हणून एक सांगतो. लिंक करणं ही चूक नाही. आमच्याकडं पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पेजमेकरपासून इनडिझाइनपर्यंत, फोटो लिंक करूनच काम चालतं, नाहीतर तीनशे पानांचा गौरवग्रंथ उघडणारच नाही. फरक एवढाच की आम्ही फाइल कधी एकटी देत नाही. इनडिझाइनमध्ये पॅकेज म्हणून सोय आहे, ती फाइल, फोटो अन् फॉन्ट एका फोल्डरात गोळा करून देते. गुरुजींना ज्यानं लिंकचं सांगितलं त्यानं अर्धंच सांगितलं.

आमच्या टेबलावर रोज अशी माणसं येतात. लग्नपत्रिकेचा फोटो नाही आला तर उद्या देता येतो. पण कुणी वडिलांच्या स्मरणिकेची फाइल घेऊन येतो अन् आत नुसत्या चौकटी. मूळ फोटो कुठं आहेत विचारलं की म्हणतो, होते की कॉम्प्युटरवर, तो विकला. तिथं आमच्या हातात काही राहत नाही.

मुखेड_नाका · मंगळवार, सायंकाळी

माझ्याकडं वर्डमध्ये सगळेच फोटो दिसायचे बंद झाले होते, चौकट पण नाही. व्ह्यूमध्ये ड्राफ्ट लागलं होतं. प्रिंट लेआउट केलं की आले.

जिंतूर_रोड · मंगळवार, सायंकाळी

अन् चौकटी दिसतात पण फुली नाही, असं सगळ्या फोटोंचं असेल तर वर्डच्या ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डला "शो पिक्चर प्लेसहोल्डर्स" टिक आहे का बघायचं. रायटरमध्ये व्ह्यू मेन्यूत "इमेजेस अँड चार्ट्स" वर टिक असावी लागते. गुरुजींचं ते नाही, ४१ दिसतात म्हणजे सेटिंग बरोबर आहे. पुढं कुणी वाचायला आलं तर उपयोगी पडावं म्हणून लिहिलं.

सेलूचे_गुरुजी · मंगळवार, रात्री

भाच्याकडं फोल्डर आहे. तो उद्या परभणीहून डिस्क घेऊन येतो म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदा नीट जेवलो.

मांजराकाठ · मंगळवार, रात्री

फार चांगलं. आता गडबड न करता, या क्रमानं.

फोल्डर डी ड्राइव्हवर त्याच जागी, त्याच नावानं ठेवायचं. आधी "बारव" असेल तर आता "बारव नवीन" चालणार नाही. पत्ता अक्षरानं अक्षर जुळला पाहिजे. तुमची फाइल डेस्कटॉपवर, म्हणजे सी ड्राइव्हवर असावी, म्हणून तिच्यात डीपासूनचा पूर्ण पत्ता आहे. फाइल अन् फोटोंचं फोल्डर एकाच जागी असते तर रायटर "माझ्या शेजारचं फोल्डर" असा पत्ता लिहितो अन् दोन्ही एकत्र कुठंही नेलं तरी चालतं. पण दोन वेगळ्या ड्राइव्हमध्ये ते जमत नाही.

मग फाइलची कॉपी उघडा. एडिट मेन्यूत सगळ्यात खालच्या बाजूला "लिंक्स टू एक्स्टर्नल फाइल्स" आहे. तिथं प्रत्येक फोटोचा पत्ता यादीत दिसेल. त्याच खिडकीत "ब्रेक लिंक" आहे. ते दाबलं की दुवा तुटतो अन् फोटो फाइलीच्या पोटात जातो.

पण एक गोष्ट कळकळीनं सांगतो. चौकट रिकामी असताना ब्रेक लिंक दाबू नका. आणायला फोटोच नसेल तर आत काहीच जात नाही, अन् पत्ताही पुसला जातो. मग कोणता फोटो होता, काय नाव होतं, ते शोधायची खूणसुद्धा उरत नाही. माझ्यासमोर एका मुलीनं घाईत हे केलं. तिच्या प्रबंधातल्या साठ चौकटी नुसत्या चौकटीच राहिल्या.

आणखी एक. चार एमबीचे शंभरावर फोटो आत घातले की फाइल पाचशे एमबीची होईल अन् तुमचा कॉम्प्युटर ती उचलणार नाही. म्हणून आधी फोटोंच्या लहान कॉपी करा. इरफानव्ह्यू फुकट मिळतो, त्यात फाइल मेन्यूत बॅच कन्व्हर्जन आहे, म्हणजे सगळे फोटो एकदम लहान करायची सोय. मूळ फोल्डर भाच्याच्या डिस्कवर आहे तसंच राहू द्या, त्याला हात लावू नका. लहान केलेल्या कॉपी, तीच नावं ठेवून, डी ड्राइव्हच्या जुन्या जागी टाका. रायटर पत्ता बघतो, तिथं त्या नावाचा फोटो सापडला की उचलतो. पानावरचा आकार फाइलीत लिहिलेला असतो, तो हलत नाही.

बालाघाट · मंगळवार, रात्री

लहान म्हणजे किती? छपाईत फुटायला नकोत.

छपाईवाला_परभणी · बुधवार, सकाळी

छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतो. पुस्तिका ए५ आहे, पानाची रुंदी पावणेसहा इंचाच्या थोडी वर. फोटो पानभर घेतला तरी १८०० पिक्सेल रुंदी लागत नाही. २००० करा, निवांत. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो लांब बाजूनं साधारण १६०० पिक्सेलचा होतो, म्हणजे आडवा असेल तर सव्वापाच इंच. तेही चालतील, फक्त पानभर ताणू नका. अन् इथून पुढं कुणाकडून फोटो मागवले तर "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" असं सांगा, म्हणजे दाबले जात नाहीत.

बालाघाट · बुधवार, दुपारी

गुरुजींच्या धाग्यात माझी अडचण घालतो, माफी असावी. अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यांवर छोटा प्रकल्प केलाय, वर्डमध्ये. लॅपटॉप फॉरमॅट मारल्यापासून नऊ फोटोंच्या जागी लाल फुली. मी लिंक वगैरे कधी केलं नाही, नेटवरून मजकूर अन् फोटो एकदमच कॉपी करून पेस्ट केले होते.

मांजराकाठ · बुधवार, दुपारी

आल्ट धरून एफ९ दाबा. फोटोच्या जागी कंसात "इन्क्लूडपिक्चर" अन् पुढं एक लांब पत्ता दिसतो का? दिसला तर तो फोटो त्या वेबसाइटवर आहे किंवा फॉरमॅटमध्ये गेलेल्या एखाद्या तात्पुरत्या फोल्डरात होता. वेबपानावरून मजकुरासकट उचललेल्या फोटोंचा कितीदा दुवाच येतो. फोटो पडद्यावर येत असेल तर तो निवडून कंट्रोल, शिफ्ट अन् एफ९ दाबायचं, म्हणजे दुवा तुटून फोटो आत राहतो. फुली असेल तर पत्ता उतरून घ्या अन् फोटो नव्यानं मिळवा.

बालाघाट · बुधवार, सायंकाळी

दिसला. सात वेबसाइटचे आहेत, दोन जुन्या टेम्प फोल्डरातले. लेणी गावातच आहेत, रविवारी जाऊन स्वतःचे फोटो काढतो. आधीच काढायला हवे होते.

सेलूचे_गुरुजी · बुधवार, रात्री

भाचा आला. इरफानव्ह्यू त्यानंच घातला, लहान कॉपी केल्या, डी ड्राइव्हवर जुन्या नावाचं फोल्डर करून ठेवल्या. मी फाइल उघडली. पहिलं पान, दुसरं पान, अन् मग वालूरची बारव वरून काढलेली दिसली. घरातल्यांना हाक मारून दाखवली.

यादीतून मोजलं. १२३ पैकी ११२ आले. ते सगळे दिसत असल्याची खात्री करून तेवढ्यांचाच दुवा तोडला, सेव्ह केलं. साइज ९० एमबीच्या थोडी खाली आली. भाच्यानं फाइल त्याच्या लॅपटॉपवर नेऊन उघडली, तिथंही दिसले.

पण ११ अजून रिकामे आहेत.

मांजराकाठ · बुधवार, रात्री

दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहिलं हे सगळ्यात उत्तम केलं. आता त्या ११ जणांचे पत्ते यादीतून कागदावर लिहून घ्या अन् इथं सांगा.

सेलूचे_गुरुजी · गुरुवार, सकाळी

लिहून काढले. तीन डी ड्राइव्हचेच आहेत, पण तिथं त्या नावाचे फोटोच नाहीत. सात वेबसाइटचे आहेत. एकाचा पत्ता एफ ड्राइव्हपासून सुरू होतो, "डीसीआयएम" फोल्डर, अन् नाव आयएमजी_२०१६०५०८ पुढं काही आकडे.

तीन मला कळले. फोटो टाकल्यावर मीच त्यांची नावं बदलून गावांची नावं दिली होती, शोधायला सोपं जावं म्हणून. ते फोल्डरात आहेत, गावाच्या नावानं.

वेबसाइटवरचे चार माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याच्या ब्लॉगवरचे आहेत. तीन कुणाचे आहेत हे आता आठवत नाही.

जिंतूर_रोड · गुरुवार, सकाळी

नावं बदललेल्या तिघांना जुनी नावं परत द्या, आपोआप येतील. किंवा यादीत "मॉडिफाय" दाबून नवीन नाव दाखवा.

छपाईवाला_परभणी · गुरुवार, दुपारी

गुरुजी, विद्यार्थ्याला विचारून मूळ फोटो घ्या अन् खाली त्याचं नाव छापा. बाकीचे तीन ज्याचे आहेत त्याची परवानगी नसेल तर छापू नका. वेबसाइटवरचा फोटो छपाईला बहुतेक अपुराही पडतो.

सेलूचे_गुरुजी · गुरुवार, सायंकाळी

पटलं. विद्यार्थ्यानं तासाभरात चारही मूळ फोटो मेलनं पाठवले, आनंदानं. ते तीन काढून टाकले, त्यांतल्या एका बारवेचा फोटो मी मोटारसायकलवर जाऊन पुन्हा काढीन.

आता राहिला एफ ड्राइव्हचा एकच. तो कोणता हे तारखेवरून कळलं अन् पोटात धस्स झालं. मे २०१६. त्या साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, सगळ्यांना आठवत असेल. आमच्या शेजारच्या गावची बारव त्या मे महिन्यात पार तळाला गेली होती. गावातली म्हातारी माणसं म्हणाली, बहात्तरच्या दुष्काळानंतर तळ पहिल्यांदा पाहतोय. मी फोनवर फोटो काढला. तळाच्या पायऱ्या, कोनाडा, कोनाड्यातली झिजलेली मूर्ती, सगळं दिसत होतं. त्यानंतर पाऊस झाला, बारव भरली अन् तो तळ परत कधी उघडा पडला नाही. पडू पण नये. पण तो फोटो दुसरा निघणार नाही.

एफ ड्राइव्ह म्हणजे तेव्हाच्या फोनचं मेमरी कार्ड. कार्ड रीडरला लावून तिथूनच लिंक केला असणार. तो फोन बिघडला, कार्ड घरात कुठंच नाही. आज दिवसभर कपाटं उपसली.

उदगीरची_बाई · गुरुवार, रात्री

गुरुजी, तो फोटो त्या वेळी कुणाला पाठवला होता का? गावातल्या ग्रुपवर, नातेवाइकांना?

मांजराकाठ · गुरुवार, रात्री

पुस्तिकेचा एखादा जुना खर्डा कुठं आहे का? कुणाला मेल केलेला, शाळेच्या कॉम्प्युटरवर राहिलेला, पेनड्राइव्हवरचा. कितीही अर्धवट असला तरी चालेल. वर्डमध्ये नुसता इन्सर्ट केलेला फोटो फाइलीच्या आतच साठतो.

सेलूचे_गुरुजी · शुक्रवार, सकाळी

ग्रुपवर पाठवला होता, पण तेव्हाच्या गप्पा आता कुणाच्याच फोनमध्ये नाहीत.

पण खर्डा आहे! निवृत्तीच्या आधी शाळेच्या कॉम्प्युटरवर वर्डमध्ये वीसेक पानांचं टिपण केलं होतं अन् पुण्याला मुलीला वाचायला मेल केलं होतं. मेलच्या सेंटमध्ये सापडलं. उघडल्यावर त्या पानावर फोटो दिसतो! पण पानावर लहान आहे, अन् राइट क्लिक करून काय करावं कळंना. कॉपी करून पेस्ट केला तर धूसर येतो.

मांजराकाठ · शुक्रवार, सकाळी

कॉपी-पेस्ट नको. आतला फोटो जसाच्या तसा बाहेर काढता येतो.

डॉक्सएक्स ही खरं तर झिप फाइल असते, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं. २००७ च्या ऑफिसपासून वर्ड असंच साठवतं. त्या फाइलची कॉपी करा. सेव्हन-झिप हे झिप उघडायचं सॉफ्टवेअर असेल तर राइट क्लिक करून "ओपन आर्काइव्ह" म्हणा. नसेल तर कॉपीच्या नावातलं शेवटचं डॉक्सएक्स काढून झिप लिहा. त्याआधी फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" चालू करा, नाहीतर शेवटचं डॉक्सएक्स लपलेलं राहतं अन् नाव बदलल्यासारखं वाटतं पण बदलत नाही.

आत "वर्ड" फोल्डर, त्यात "मीडिया". टिपणातले सगळे फोटो तिथं इमेज१, इमेज२ अशा नावांनी असतील. हवा तो बाहेर ओढून घ्या. रायटरची स्वतःची फाइल, ओडीटी, पण अशीच उघडते, तिच्यात "पिक्चर्स" फोल्डर असतं, फक्त नावं लांबलचक आकड्यांची असतात. मीडियात फोटो नसेल तर तो फाइलीत नाही, हे पक्कं समजायचं. गोदाकाठ भाऊ, म्हणून मी म्हणलं होतं की विकतचं सॉफ्टवेअर नको. जे आत नाही ते कुणीच काढून देऊ शकत नाही, अन् जे आत आहे ते असं फुकट निघतं.

गोदाकाठ · शुक्रवार, दुपारी

हे मला माहीत नव्हतं. भावाची जुनी फाइल अशी उघडून बघतो. धन्यवाद.

सेलूचे_गुरुजी · शुक्रवार, दुपारी

निघाला. इमेज९ नावाचा. प्रॉपर्टीजमध्ये ८८० बाय ६६० दाखवतो. मूळ फोटो मोठा होता, हा लहान कसा?

मांजराकाठ · शुक्रवार, दुपारी

वर्ड सेव्ह करताना फोटो दाबतं, ठरलेलं प्रमाण इंचाला २२० असतं. तुम्ही पानावर चार इंच रुंद ठेवला असणार, चार गुणिले २२० म्हणजे ८८०. तेवढंच वाचलं, पण वाचलं.

छपाईवाला_परभणी · शुक्रवार, सायंकाळी

८८० म्हणजे तीन इंचाला थोडा कमी, पण अशा फोटोला तेवढं चालवून घ्यायचं. पानभर लावू नका, तीन इंच रुंद घ्या, बाजूला मजकूर येऊ द्या. अन् गुरुजी, अंतिम फाइल डॉक्सएक्स देऊ नका. रायटरमधूनच पीडीएफ करा, एक्स्पोर्ट करताना ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, राहू द्या. फॉन्ट, फोटो, पानाची मांडणी सगळं त्यात बसून येतं. सोबत मूळ फोटोंचं फोल्डर पेनड्राइव्हवर द्या. मजकुरात दुरुस्ती निघाली तरच आम्हाला डॉक्सएक्स लागेल.

सेलूचे_गुरुजी · शनिवार, रात्री

आज छापखान्यात बसून पाहिलं. दुरुस्तीसाठी म्हणून डॉक्सएक्स पण उघडून बघितली. सगळे फोटो आले, पण तीन ठिकाणी फोटोची नुसती पट्टी दिसत होती. मला उदगीरच्या बाईंचं आठवलं. तो परिच्छेद निवडून कंट्रोल आणि १ दाबलं, ओळींचं अंतर साधं झालं अन् फोटो पूर्ण उघडला. बाई, तुमचे आभार कसे मानू. तिथला मुलगा विचारायला लागला, गुरुजी हे तुम्हाला कुणी शिकवलं.

उदगीरची_बाई · शनिवार, रात्री

गुरुजी, पुस्तिकेची एक प्रत आमच्या शाळेच्या ग्रंथालयाला द्या, एवढंच.

सेलूचे_गुरुजी · रविवार, सकाळी

देणार. या धाग्यातल्या प्रत्येकाला एक प्रत, पत्ता मला निरोपात कळवा.

काल रात्री तो तळाचा फोटो मोठा करून बघत बसलो होतो. पुस्तिकेत त्या बारवेच्या पायऱ्या मी ३६ लिहिल्या होत्या, पाण्याच्या वरच्या मोजून. फोटोत पाणी नाही. खालच्या पायऱ्या बोट ठेवून तीनदा मोजल्या, आणखी ११ आहेत. पान ५२ वर ३६ खोडून ४७ केलं, पीडीएफ नव्यानं काढली, भाच्याच्या लॅपटॉपवर उघडून सगळी पानं चाळली अन् आत्ता परभणीला निघालोय.